चिपांच्या बगीच्याचे हिस्सेदार

आमचे अकोल्याचे घरमालक टीव्हीवरच्या शेअर बाजाराच्या वाहिन्या आवाज बंद करून पाहत. सकाळी बाजार उघडायच्या सुमाराला खांद्यावर पंचा टाकून, चहाची बशी हातात घेऊन ते खुर्चीत बसत. पडद्यावर कोट-टाय घातलेली माणसं तावातावाने बोलत असत आणि हे शांतपणे त्यांची तोंडं न्याहाळत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, टीव्ही बिघडलाय. मी रिमोट उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे बाई. आवाज ऐकला का माणूस फसते. संत्र्याचा व्यापारी बगीच्यात येते तं मी त्याचं बोलणं ऐकतो का? तोंड पाह्यतो. झाडाकडे पाहून त्यानं थुंकी गिळली का समजाव, माल पसंत हाय."

मग पडद्यावरच्या एका टकल्या तज्ज्ञाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाह्य. सकाळपासून कानामागं खाजवून राह्यला. याले स्वतःलेच भरोसा नाही."

घरमालकांना सगळी गल्ली काका म्हणे. काका जन्माने आणि मनाने बागाईतदार. घरामागच्या तुकड्यात शेवंती आणि झेंडू, आणि हिवरखेडला संत्र्याचा बगीचा. पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरायला लागले तसा बगीचा त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केला, पण डोक्यातून तो काही गेला नाही. शेअर बाजारालाही ते बगीचाच म्हणत. कुठला शेअर चांगला असं कुणी विचारलं, की म्हणत, "कलम कोणत्या नर्सरीतलं हाय ते पाह्य." शेअरना त्यांनी नावंही ठेवली होती. जो दिवाळीला तेवढा फुगायचा आणि मग वर्षभर रुसून बसायचा, तो जावई. जो कधी पडायचाही नाही आणि चढायचाही नाही, फक्त असायचा, तो मोठे मामा. काकू फुलबाजारात हारांचं दुकान सांभाळत. त्या जाता जाता टोमणा मारत, "त्या मोठ्या मामाले म्हणा, एखादा हार तरी गुंफून दे."

मी त्यांच्याकडे राहायला आले ती जरा पडेल चेहऱ्याने. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग केलं. पुण्याजवळच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत निवडही झाली. घरी पेढे वाटून झाले. मग कंपनीकडून मेल आला, की बाजाराची परिस्थिती पाहता रुजू होण्याची तारीख पुढे ढकलत आहोत. काही महिन्यांनी तसाच दुसरा मेल. नकार नाही, होकार नाही. घरी बसून नातेवाइकांची तोंडं चुकवण्यापेक्षा मी अकोल्याच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले आणि काकांची वरची खोली भाड्याने घेतली. बाबांचं म्हणणं साधं होतं. ओळखीच्या संस्थेत कायमची शिक्षिकेची जागा होती, ती घे आणि त्या चिपांचा नाद सोड. मला चिपाच करायच्या होत्या. दुसरं काही करायचं तर मग मी चार वर्षं कशासाठी डोळे फोडले, असं मला वाटायचं आणि फार रडू यायचं.

काकांनी पहिल्याच आठवड्यात हे सगळं माझ्या तोंडून काढून घेतलं. "कंपनी बरी हाय नं? मंग थांबवलं काहून?"

मी त्यांना समजावलं. मध्यंतरी सगळ्या जगाने फोन आणि कॉम्प्युटर घेतले, कंपन्यांनी चिपांचे ढीग लावून ठेवले, मग लोकांनी खरेदी थांबवली आणि ढीग तसेच राहिले. शेअर आपटले. आता पुन्हा मागणी येतेय, पण ती एका बाजूने. एआयच्या मोठमोठ्या यंत्रांना लागणाऱ्या चिपा धडाधड खपतात, गाड्यांच्या आणि फोनच्या अजून सुस्त आहेत. बाजार वर जातो, खाली येतो. सावरला असं छातीवर हात ठेवून कोणीच म्हणत नाही.

काका डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तसे म्हणाले, "म्हंजे ताण देला हाय."

संत्र्याच्या बगीच्याला ताण देतात हे आमच्याकडच्या खेड्यांत शेंबड्या पोराला माहीत असतं. झाड फुलावर यावं म्हणून काही आठवडे त्याचं पाणी मुद्दाम तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात, नवख्याला वाटतं बगीचा गेला. मग योग्य वेळी पाणी सोडलं, की झाड फुलांनी पांढरं होतं. कसब सगळं त्या वेळेत असतं. लवकर सोडलं तर नुसती पालवी येते. उशीर केला तर फांद्या वाळतात.

"कंपनीनं तुमाले ताण देला," काका म्हणाले. "आता पाणी सोडाची येळ त्याईले समजते का नाही, एवढंच पाहाचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावई आणि मोठे मामा दोघांनाही विकून टाकलं आणि माझ्या कंपनीचे थोडे शेअर घेतले. मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "तुह्यासाठी थोडी घेतले? मले कंपनी आवडली."

तेव्हापासून आमच्या गल्लीत रोज सकाळी तंत्रज्ञान क्षेत्राचा अंदाज जाहीर होऊ लागला. काका हातात पाइप घेऊन शेवंतीला पाणी घालत आणि कुंपणापलीकडून जाणाऱ्यांना थांबवून सांगत. भाजीची गाडी लावणारी मावशी, बँकेतले निवृत्त साहेब, माझे क्लासचे विद्यार्थी, कोणीही सुटत नसे. "उत्तरेची ओळ फुलली, दक्षिणेची अजून बसून हाय. म्हून बगीचा फुलला म्हणू नका." हे एआयच्या आणि गाड्यांच्या चिपांबद्दल असे. एकदा टीव्हीवर पट्टी आली, तज्ज्ञांचा सावध आशावाद. काकांनी ती मला वाचायला लावली आणि खो खो हसले. "सावध आशावाद म्हंजे छत्री धरून गच्चीवर गहू वाळवणं." भाजीवाल्या मावशी पुढे कितीतरी दिवस आभाळ भरून आलं, की म्हणायच्या, "आज सावध आशावाद दिसून राह्यला."

काकांचा एक सिद्धान्त होता आणि तो त्यांनी फार मनावर घेतला होता. शेअर घेतला म्हणजे आपण हिस्सेदार. आणि आमच्याकडे शेतातला हिस्सेदार, मग त्याचा वाटा कितीही असो, हंगामात एकदा तरी बांधावर जाऊन उभा राहतो. पीक पाहतो, विहीर पाहतो, राखणदाराशी दोन शब्द बोलतो. न गेला तर लोक त्याला नावं ठेवतात. तेव्हा एक दिवस काका पिशवीत संत्री भरून गाडीत बसले आणि थेट पुण्याला, माझ्या कंपनीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले.

"मी हिस्सेदार हाय," त्यांनी सुरक्षारक्षकाला सांगितलं. "बांध पाहाले आलो."

मला हे त्यांनी परत आल्यावर सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. पण काकांचं नशीब असं, की फाटकावरचा तो गडी निघाला आमच्याच वऱ्हाडातल्या अंजनगाव सुर्जीचा. 'हाय' आणि 'पाहाले' कानावर पडताच त्याचा चेहरा उजळला म्हणे. आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं, पण त्याने काकांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि भिंतीच्या कडेकडेने जितकं फिरता येईल तितकं फिरवून आणलं. काकांनी बाहेरून झाडं पाहिली, पाण्याची टाकी पाहिली. कुठल्याशा कडुलिंबाची साल नखाने खरवडून आत हिरवं आहे का तेही पाहिलं. झाड मेलंय का नुसतं ताणावर आहे हे कळायला दुसरी परीक्षा नाही, असं ते म्हणत.

"कंपनी जित्ती हाय," त्यांनी परतल्यावर निकाल दिला. कडुलिंबावरून.

त्या अंजनगावकराशी त्यांची मैत्रीच झाली. दर आठवड्याला फोन. फाटकातून कर्मचाऱ्यांच्या किती बसगाड्या आत गेल्या, कँटीनला भाजी जास्त येते का, अशी चौकशी. हे ज्ञान मग शेवंतीच्या वाफ्याजवळून गल्लीला पुरवलं जाई. आणि एके दिवशी काका धावतच जिना चढून आले. गुडघ्यांसकट. "इंजिनेर बाई! बसा वाढल्या! डबल झाल्या! पाणी सुटलं!"

काकूंनी दुकानातून झेंडूचा हार आणून माझ्या गळ्यात घातला. काकांनी गल्लीत बर्फी वाटली. बँकेतल्या साहेबांनी तर मोहात पडून त्या दिवशीच दोन शेअर घेतले. दुपारी बाजार गडगडला, सगळ्यात आधी चिपा. संध्याकाळी अंजनगावकराचा पुन्हा फोन आला. जादा बसमधून आसपासच्या गावांतले आजी-आजोबा आले होते. कंपनीने मोफत डोळेतपासणीचं शिबिर ठेवलं होतं.

मला हुंदका येणार, एवढ्यात काकूंना हसू फुटलं. त्या जिन्यावर बसून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग काका, मग मी. बँकेतले साहेब दारात येऊन उभे राहिले तर काका त्यांना म्हणाले, "साहेब, मोतीबिंदूच्या जोरावर शेअर घेतला बापा तुमी." साहेबांनीही हसत हसत उरलेल्या बर्फीतले दोन तुकडे उचलले. हार मी तसाच गळ्यात ठेवून जेवले. कंपनीच्या मेलचा पत्ता नव्हता, नोकरीचा पत्ता नव्हता, आणि इतकं मोकळं हसणं मात्र मी त्या वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा अंदाज बदलला होता. "फुलं येऊन राह्यली, पण बेमोसम. फूल दिसलं म्हून नाचू नका. अजून गळ बाकी हाय. जे टिकलं ते आपलं." मला तेव्हा वाटलं, टीव्हीवरच्या माणसांनी हे एवढंच सांगून कोट काढून ठेवले असते तरी चाललं असतं. पण काकांचाही अंदाज चुकतो हे आता साऱ्या गल्लीला कळलं होतं.

थंडीत बाबा अमरावतीहून आले. मला घेऊनच जायचं, असं ठरवून आले होते. काकूंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, बाबा जेवले, हात धुऊन म्हणाले, "काका, तुमचे उपकार हायेत. पण पोरीचं वय वाया जाऊन राह्यलं. ती जागा आमच्यासाठी किती दिवस रिकामी राहीन?"

काकांनी वाद घातला नाही. म्हणाले, "तुमी बगीचा पाह्यला नाही माहा. चाला." आणि आम्हा दोघांना गाडीत घालून हिवरखेडला नेलं.

बगीचा ऐन ताणावर होता. जमिनीला भेगा, पानं गोळा झालेली, पायाखाली वाळका पाचोळा. बाबा शहरात वाढलेले. त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे," ते म्हणाले, "पाणी नाही का विहिरीले?"

"भरपूर हाय."

"मग देत काहून नाही?"

काकांनी एका डहाळीची साल नखाने खरवडली आणि बाबांचं बोट धरून त्यावर ठेवलं. आत हिरवंगार, ओलं. बाबांनी बोट उचलून त्याला लागलेली ओल पाहिली. मी दुसऱ्या ओळीत तोंड फिरवून उभी होते. काका हळूच बाबांना म्हणाले, "तुमच्या पोरीले मी रोज पाह्यतो. क्लासातून आली का दार लावून ते चिपाचं पुस्तक वाचते. आतून हिरवी हाय. आता कुऱ्हाड नोका मारू."

बाबांनी पोळ्यापर्यंतची मुदत दिली. पोळ्याच्या आत बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर मी सामान बांधून अमरावतीला यायचं आणि ती जागा घ्यायची. काकांनी ते हातावर हात मारून कबूल केलं. मला कोणी विचारलं नाही, पण मीही मनात कबूल केलं.

उन्हाळा गेला. बाजार चार पावलं पुढे, तीन मागे असा चालला होता. कंपनीचा शेअर चढत होता पण मेल येत नव्हता. पोळा आठवड्यावर आला. मी खोलीतली पुस्तकं खोक्यात भरायला काढली. आणि तेव्हा काकांना कंपनीकडून भागधारकांच्या वार्षिक सभेची सूचना आली. सभा ऑनलाइन होती आणि आधी नाव नोंदवलं, तर कुठल्याही भागधारकाला दोन मिनिटं बोलता येणार होतं.

"म्हंजे खुद्द मालकाशी?"

"अध्यक्षांशी."

"तेच ते," म्हणून काकांनी नाव नोंदवलं.

मी हात जोडले. त्यांना शपथ घातली, की माझं नाव घ्यायचं नाही, माझा विषय काढायचा नाही. कंपनीला वाटलं, की मी शिफारस लावतेय, तर होतं नव्हतं ते जाईल. काकांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. तरी सभेच्या दिवशी मला राहवलं नाही. मी दाराआडून ऐकत उभी राहिले. काका इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर टोपी घालून लॅपटॉपसमोर बसले होते. मागे शेवंतीच्या कुंड्या मुद्दाम आणून ठेवल्या होत्या. खिडकीत भाजीवाल्या मावशी आणि बँकेतले साहेब.

आधीचे भागधारक एकामागून एक अध्यक्षांची स्तुती करत होते. एकाने चारोळी म्हटली, एकाने सभेला खाऊचा डबा न मिळाल्याची तक्रार केली. मग काकांचं नाव पुकारलं गेलं. काका हिंदीत बोलणार होते. पहिलं वाक्य हिंदीत झालं, दुसऱ्यापासून वऱ्हाडी सुरू झाली. अध्यक्ष दक्षिणेकडचे, ते गोंधळून पाहू लागले. कंपनीच्या सचिव बाई मराठी होत्या, त्या भराभर इंग्रजी करून सांगू लागल्या.

"साहेब, मी हिवरखेडचा संत्रावाला. तुमचा हिस्सेदार. तुमचा बांध बाहेरून पाहून आलो, बेस हाय. तुमचे शेअर पडले, आता चढून राह्यले, तज्ज्ञ म्हणते सांभाळून. मले त्याचं काही नाही. माहा एकच प्रश्न हाय. माह्या घरी एक..."

काका थांबले. त्यांची नजर दाराकडे आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"...एक झाड हाय," काका म्हणाले. "चांगल्या नर्सरीचं कलम. तुमीच पसंत केलेलं. त्याले ताण देला. ठीक हाय, द्यावच लागते. पण साहेब, ताण देणं सोपं हाय. पाणी कवा सोडाव यात शेतकरी समजते. लय उशीर केला तं झाड मरत नाही, पण फांद्या वाळते, अन् मंग ते कोणाच्याच कामाचं राहत नाही. अशी झाडं तुमी देशभर लावून ठेवली. तं पाणी कवा सोडता?"

सचिव बाईंनी सावकाश, एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. पाणी सोडायची वेळ झाली हे कसं ओळखतात, असं त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"नखानं खरवडून पाहाव साहेब. आत हिरवं असन तं थांबू नोका."

अध्यक्ष हसले. खरवडून पाहतो, म्हणाले. दोन मिनिटं संपली. खिडकीतून टाळ्या पडल्या आणि काकांनी वळून मला विचारलं, "नाव घेतलं का मी?"

नाही घेतलं. मी त्यांच्या पाया पडले. सख्खे कोणी नव्हते ते माझे.

रुजू होण्याचा मेल पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. पुढे कंपनीत गेल्यावर मी चौकशी केली. आमच्या तुकडीला बोलवायचं सभेच्या आधीच ठरलं होतं, पत्रं तेवढी निघायची होती. मी काकांना फोन करून हे प्रामाणिकपणे सांगितलं. मला वाटलं, हिरमुसतील. ते म्हणाले, "हाव नं. पाणी त्याईनंच सोडलं. मी निस्ता विहिरीवर जाऊन उभा होतो."

पोळ्याच्या दिवशी काकूंनी पुन्हा झेंडूचा हार घातला. या वेळी काकांनी बर्फी वाटण्याआधी मेल मला तीनदा वाचायला लावला, आणि बँकेतल्या साहेबांनी तो स्वतःच्या चष्म्याने पुन्हा एकदा तपासला.

नंतरच्या वर्षी सभेच्या दिवशी आमच्या मजल्यावर सगळ्यांनी सभा पडद्यावर लावली होती. 'तो संत्रेवाला' आता आमच्या कंपनीत प्रसिद्ध झाला होता. नाव पुकारलं गेलं तसं कोणीतरी आवाज मोठा केला. तोच सदरा, तीच टोपी, मागे शेवंती, खिडकीत मावशी. माझ्या शेजारच्या पुणेकर मैत्रिणीने हसत विचारलं, "कोण गं हे विक्षिप्त गृहस्थ?"

"माझे घरमालक आहेत," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. सगळा मजला माझ्याकडे वळला.

अध्यक्षांनी ओळखलं. यंदा बहार कसा आहे, त्यांनीच आधी विचारलं.

"बेस हाय साहेब. गळ झाली थोडी, पण टिकला."

यंदाचा प्रश्न काय, असं सचिव बाईंनी विचारलं. काकांनी टोपी नीट केली. मग त्यांनी कॅमेऱ्यात अशी नजर लावली, की मजल्यावर शंभर जण असूनही मला कळलं, ती कोणाला शोधत होती.

"प्रश्न नाही बाई औंदा," काका म्हणाले. "हिस्सेदारानं सालातून एकडाव बांधावर येऊन उभं राहाव लागते. म्हून आलो. पीक पाह्यलं. हिरवं हाय. जातो."